तुकोबांच्या पुलावरून

१८९० साली, ऑक्टोबर महिन्यात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली काही नामवंत मंडळी व्याख्यानाला जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. व्याख्यान आटोपल्यावर यजमानांनी रिवाजाप्रमाणे चहा आणि बिस्किटे पुढे केली. कोणी चहा प्याले, कोणी पेला नुसता हाती घेऊन भिडेखातर मांडीशी ठेवून दिला. पण गोपाळराव जोशी नावाच्या इरसाल गृहस्थाने हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि त्या एका पेल्यावरून पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्यांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांच्या सुधारक मित्रांनाच ते लागले.

आज या गोष्टीचे हसू येते. दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारच्या डिसोझांकडे जाते आणि नाताळात त्यांच्याकडून करंज्या येतात. मधे कोणी यादी छापीत नाही. परंतु त्या काळी परधर्मीयाच्या हातचा घोटभर चहा माणसाला केवढ्याला पडत असे, हे मनात धरल्याशिवाय पुढची हकिगत नीट उमगायची नाही. साता समुद्रापलीकडून आलेल्या पाद्र्यांच्या सहवासात ज्या मराठी माणसांना आपला देव नव्याने भेटला, त्यांची ही हकिगत आहे. आणि मराठी माणसांच्या सहवासात ज्या पाद्र्यांना त्यांचा देव नव्याने भेटला, त्यांचीही आहे. पहिली बाजू आपण थोडीबहुत ऐकलेली असते. दुसरी क्वचितच कोणी सांगतो.

या देवघेवीची सुरुवात तशी फार जुनी. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि इथल्या भाषेच्या असा काही प्रेमात पडला, की येशूचे चरित्र त्याने ओवीबद्ध पुराण करून लिहिले. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघाले. नंतरचा मोठा काळ ओलांडून १८१३ वर यावे. त्या वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन मुंबईस उतरले. कंपनी सरकारला ते नकोसे होते. त्यांनी परत जावे असे हुकूमही सुटले. ते टिकले, आणि १८३१ मध्ये त्यांच्या मिशनने नगरला ठाण मांडले. (आता त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण ज्या काळाविषयी मी लिहितो आहे त्या काळी ते नगरच होते.) मुंबई-पुण्यास स्कॉटिश मिशन होते, महात्मा फुले शिकले ते पुण्यातल्या त्यांच्याच शाळेत. आम्हा कादंबरी लिहिणाऱ्यांना तर या मंडळींचे ऋण विसरताच येत नाही. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, आणि तिचे कर्ते बाबा पदमनजी हे १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले गृहस्थ.

पण शाळा काढणे, पुस्तके छापणे वेगळे आणि माणसाच्या अंतरंगात उलथापालथ होणे वेगळे. ती पंडिता रमाबाईंच्या बाबतीत कशी झाली ते पाहण्यासारखे आहे.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या. लहानपणापासून अठरा हजार श्लोकांचे भागवत ज्यांच्या जिभेवर, त्यांना तिथल्या कोणाचे पांडित्य दिपवणार? त्यांना दिपवले ते दुसऱ्याच गोष्टीने. लंडनजवळ फुलहॅम येथे याच जोगिणींचे एक घर होते. समाजाने ज्यांना वाईट चालीच्या म्हणून टाकले, अशा बायका तिथे सांभाळल्या जात. या बायकांची सेवा जोगिणी हसतमुखाने करीत आहेत हे रमाबाईंनी पाहिले आणि त्या चक्रावल्या. धर्मशास्त्रांत अशा स्त्रीला काय शिक्षा सांगितली आहे ते त्यांना तोंडपाठ होते. तिच्यावर माया करायला सांगणारे काही त्यांच्या वाचनात नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची आणि येशूची गोष्ट वाचून दाखवली. त्या साली २९ सप्टेंबरला रमाबाईंनी आपल्या चिमुरड्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

तरी यात एक गंमत आहे. हृदय हलवले ते इंग्रज जोगिणींनी, पण बुद्धीच्या शंका फिटल्या त्या नीळकंठशास्त्री गोरे यांच्या पत्राने. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित ख्रिस्ती होऊन फादर नेहेमाया गोरे झाले होते. इंग्रज बिशपांना जे साधले नाही ते आपल्याच परंपरेतल्या शास्त्र्याने साधले. आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी काही मान तुकवली नाही. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार वाचावा. हिंदुस्थानात काम करणाऱ्या जोगिणींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला? इथल्या बायकांना लॅटिनचे काय कळणार? संस्कृत किंवा मराठी का नको? असे त्या खडसावून विचारतात. लॅटिन ही जर देवाची भाषा, तर संस्कृतने काय घोडे मारले आहे, असा एकूण नूर. माया खरी होती म्हणूनच भांडण एवढे मोकळे झाले, असे मला वाटते. परक्याशी माणूस असा भांडत नाही.

केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जूनमध्ये जी धर्मजागृती झाली, ती याच स्वभावाची. दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली, त्यांच्यात रमाबाई, आणि मदतीला मिनी एब्रम्ससारख्या अमेरिकन बाया. रात्रंदिवस प्रार्थना, रडणे, पापांची कबुली. हे वर्णन वाचून माझ्यासारख्या मास्तराला थोडे अवघडल्यासारखे होते, हे कबूल करतो. परंतु एब्रम्सबाईंनी त्यावर लिहिलेले लहानसे पुस्तक दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात पोचले आणि १९०९ मध्ये तिथे एक मोठा पंथच उभा राहिला. दौंडच्या वाटेवरच्या एका खेड्यातली ठिणगी पॅसिफिक महासागराच्या काठी पडली, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कुठे नाही.

आता ज्यांच्यासाठी लेखणी उचलली त्यांच्याकडे वळतो. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता वर्गात शिकवताना कवीचे नाव सांगितले, की एखादा मुलगा हमखास विचारतो, हे लोकमान्य टिळकच का? नव्हेत, बाळांनो. हे नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. विद्वान, शीघ्रकवी, वक्ते, तापट, हातात पैसा न टिकणारे, आणि धर्माच्या बाबतीत मुळीच स्वस्थ बसू न शकणारे.

१८९३ मध्ये ते नागपुराहून राजनांदगावास निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्याने हसून जागा करून दिली. हीच त्या दिवसांत नवलाची गोष्ट. मग संस्कृत काव्यावर बोलणे निघाले, तिथून धर्मावर गेले. उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले ते नुसता शब्द दिला म्हणून. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि ते खाली ठेववेना. मग टोपणनावाने शंका लिहून पाठवू लागले. त्यांना उत्तरे देत ते मुंबईचे डॉक्टर जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मिशनरी. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. शेवटी त्याच्याशी काम आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या देवळात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. अ‍ॅबटसाहेब तिथे असताना त्यांनी हट्ट धरला, की पाणी शिंपडायचे ते आपल्याच माणसाने. आणि तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून त्यांनी दीक्षा घेतली. साहेबांना यात अपमान वाटला नाही. मला वाटते, त्या एका गोष्टीतच पुढच्या पंचवीस वर्षांच्या मैत्रीचे बीज आहे.

या बाप्तिस्म्याचा घाव बसला तो लक्ष्मीबाईंवर. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचली नसतील असा मराठी घरातला माणूस विरळा. तेव्हा ते दिवस इथे पुन्हा सांगत नाही. नवरा जिवंत असून जवळजवळ पाच वर्षे नवऱ्याविना काढली, आणि पुढे एकत्र राहायला आल्या तेव्हाही स्वतःची चूल, स्वतःचे पाणी वेगळे. टिळकांनी बळजोरी केली नाही. भोवतालच्या अमेरिकन बायांनीही बाईंच्या सोवळ्याला हात लावला नाही. मग केव्हा तरी, जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशीच शोधले, आणि ज्या दिवशी ते सापडले त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. कोणाच्याही म्हणजे साहेबाच्याच नव्हे, महारा-मांगांच्यासुद्धा. पंचहौदाच्या चहाला जेमतेम दहा वर्षे झाली होती. रानड्यांसारख्या पर्वताला जे जड गेले, ते जलालपूरच्या एका जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईने आपखुशीने केले. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

टिळक नगरला ज्यांच्या सोबतीने राहिले त्या डॉक्टर रॉबर्ट ह्यूम यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. बापाने मिशनचे काम केलेले, जन्म मुंबईचा, १८४७ चा. नगरचे धर्मशिक्षणाचे विद्यालय त्यांचे. टिळक तिथे शिकवीत. ह्यूमसाहेब रजेवर अमेरिकेत गेले असता १८८६ मध्ये त्यांनी एका सभेत सांगितले, की जे लोक ख्रिस्ताचे नावही न ऐकता मेले त्यांना मरणानंतर संधी मिळत असावी, असा विचार हिंदुस्थानात काम करताना उपयोगी पडतो. झाले! त्यांच्याच मिशन मंडळात वादळ उठले. या माणसाला परत पाठवावे की न पाठवावे, यावर खल झाला, आणि ते परतायला पुढचे साल उजाडले. म्हणजे ग्रामण्य काही आपल्याच पुण्यात होत नसे. बॉस्टनलाही होत असे. ‘आमच्या वाडवडिलांचे काय?’ हा प्रश्न नगरच्या खेड्यापाड्यांत त्यांना कितीदा तरी विचारला गेला असेल. त्या प्रश्नाने शिकवायला आलेल्या माणसाची समजूत बदलली.

अशा माणसांच्या सहवासात टिळक रमले, पण सुखी मात्र झाले नाहीत. देवळात बाके, पेटीवर विलायती चाली, आणि मराठी शब्दांना त्या चालींच्या मापात कोंबलेले. मिशनरी प्रेमळ खरे, पण मायबाप होऊन बसलेले. पगार देणारे ते, कामावर ठेवणारे ते. बरोबरीने बसा, पालकपण पुरे झाले, असे टिळक त्यांना तोंडावर सांगत आणि ‘ज्ञानोदया’तून लिहीत. १९१२ पासून त्या पत्राचे मराठी संपादन त्यांच्याकडेच होते. नवल असे, की पत्र मिशनचे असूनही संपादकाची लेखणी कोणी काढून घेतली नाही.

आणि याच काळात टिळक हळूहळू ज्ञानेश्वर-तुकारामांकडे परत आले. धर्मांतर केल्यावर ज्यांना मागे ठेवले होते, तेच आता वाटाडे झाले. तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचे ते बोलत. मग त्यांच्या लेखणीतून अभंग वाहू लागले. टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी भजने झाली, कीर्तने झाली. मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही त्यांचीच गाणी गातात. त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे मुलासारखा राहिला, १९०७ मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन त्यांनी भरवले, हे सगळे काव्याच्या इतिहासात आहेच.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्तावर प्रेम करणारा कोणीही त्यात यावा. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. (पगार सोडणे सोपे असते, घर चालवणे लक्ष्मीबाईंकडे होते, हे मी इथे नमूद करून ठेवतो.) हे धाडस फार दिवस चालायचे नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला आणि रक्षा नगरला नेली. अर्धे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे अध्यायामागून अध्याय लिहीत नेले.

दरबार मोडला, पण त्याची गोष्ट एका इंग्रजाच्या मनात रुतून बसली होती. जॅक विन्स्लो हे ईटन आणि ऑक्सफर्डचे शिकलेले, नगर जिल्ह्यात अँग्लिकन मिशनचे काम करणारे. बंगल्यात राहून खेड्यातल्या माणसाचा भाऊ होता येत नाही, हे त्यांना जाचू लागले. १९२२ च्या जूनमध्ये त्यांनी मूठभर मराठी सोबत्यांसह नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. अंगावर खादी, जमिनीवर पंगत, शाकाहारी जेवण, गोरा-काळा भेद नाही. पावसाळ्यात एकत्र राहून अभ्यास आणि प्रार्थना, उघडीप झाली की खेड्यांत. पुढच्याच साली विन्स्लोंनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. गुरूचे ऋण असे फेडले.

पुढे संघ पुण्यास शिवाजीनगरात आला. तिथे १९२७ अखेर ऑक्सफर्डचा एक हुशार तरुण दाखल झाला, व्हेरिअर एल्विन. बाप बिशप होता. १९२८ च्या जानेवारीत तो साबरमतीला निरनिराळ्या धर्मांच्या लोकांच्या मेळाव्यास गेला आणि गांधीजींपाशी मन ठेवूनच परतला. सत्याग्रहाच्या दिवसांत पोलिसांची नजर आश्रमाकडे वळली. जमनालाल बजाजांनी गोंडांच्या हलाखीकडे लक्ष वेधले, आणि १९३२ मध्ये एल्विन आपला मराठी सोबती शामराव हिवाळे याला घेऊन मंडला जिल्ह्यातल्या करंजियास जाऊन राहिला. नागपूरच्या बिशपांनी राजनिष्ठेची शपथ मागितली. ती याने दिली नाही, म्हणून परवाना मिळाला नाही. १९३५ मध्ये त्याने चर्चच सोडले. बाकीचे आयुष्य आदिवासींत गेले. १९५४ मध्ये तो भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये इथेच वारला.

आता याला नवजीवन म्हणायचे की धर्मच्युती? त्याच्या आईला आणि बिशपांना विचारले असते तर उत्तर एक आले असते, करंजियाच्या गोंडांना विचारले असते तर दुसरे. माणसे एका पंगतीला बसली, की कोण कोणाला बदलील याचा नेम राहत नाही, आणि ज्यांना बदलायचेच नसते त्यांनी जमिनीवर मांडी घालून बसू नये. आश्रमातही १९३४ मध्ये फूट पडली, विन्स्लो मायदेशी गेले, पुढे केव्हातरी तिथे कुलूप लागले. १९७२ मध्ये मात्र तेच शिवाजीनगरचे दार पुन्हा उघडले ते स्त्रियांनी: वाँटेजच्या जोगिणी आणि रोमन कॅथलिक भगिनी, एकाच छपराखाली. पारशी घरात जन्मलेल्या वंदना माताजी आणि शांकरभाष्याचा अभ्यास करणाऱ्या सारा ग्रँट या त्यांत होत्या. वाँटेज म्हणजे तेच, जिथे रमाबाईंनी लॅटिन अक्षरांवरून भांडण काढले होते.

राहता राहिले डॉक्टर अ‍ॅबट. निवृत्त होऊन ते अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातल्या समिट गावी परतले. टिळकांना ख्रिस्ताकडे यायला ज्या पुलाने मदत केली, त्याच पुलावरून हा वृद्ध उलट दिशेने चालू लागला. तिथे बसून त्यांनी महाराष्ट्राच्या संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला सुरू केली. १९२७ मध्ये एकनाथ निघाले, १९२९ मध्ये तुकोबांची शिष्या बहिणाबाई, तिच्या मूळ मराठी अभंगांसह. एकामागून एक पुस्तके निघत राहिली. महिपतीच्या ‘भक्तिविजया’चे भाषांतर पंडित नरहर गोडबोले यांच्या मदतीने झाले, ते छापून निघाले १९३३ मध्ये. अ‍ॅबटसाहेब त्याआधीच, १९३२ मध्ये, वारले होते.